निळं दिसलं की रक्त अशुद्ध? डॉपलरवरच्या एका मेसेजची झाडाझडती

मावशीची डावी पोटरी चार-पाच दिवसांपासून सुजलीय, दुखतेय. नागपुरातल्या धंतोलीतल्या डॉक्टरांनी पायाचा व्हीनस डॉपलर, म्हणजे शिरांमधलं रक्त कसं वाहतंय ते बघणारी सोनोग्राफी, लिहून दिला. ती चिठ्ठी तिने कॅलेंडरमागे खोचली, कारण सक्करदऱ्याच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर ‘डॉपलर टेस्टचं काळं सत्य’ आलं. ‘इतके लोक पाठवून राहिले, ते काय खोटं असंन?’ हा तिचा सवाल. असतं, मावशी. बरेचदा असतं.

मेसेजचं पहिलं वाक्य असं: ‘डॉपलरमध्ये लाल म्हणजे शुद्ध रक्त, निळं म्हणजे अशुद्ध. निळं दाखवून ऑपरेशनची भीती घालतात.’

ज्याने हे लिहिलं, त्याने डॉपलरचं मशीन लांबूनसुद्धा पाहिलेलं नाही. मशीनला रक्ताचा रंग दिसतच नाही. हातातला प्रोब आपल्या कानाला न ऐकू येणारा आवाज आत पाठवतो, तो वाहत्या रक्तपेशींवर आपटून परत येतो. अजनीच्या फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीचा भोंगा आठवा: जवळ येताना चढा, पुढे गेली की एकदम उतरलेला. ख्रिश्चन डॉपलरने १८४२ साली मांडलेला नियम हाच. रक्त प्रोबकडे येत असेल तर परतीच्या आवाजाची वारंवारिता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, वाढते, लांब जात असेल तर घटते, आणि त्या फरकावरून मशीन वेग काढतं. जवळ येणारं लाल आणि लांब जाणारं निळं दाखवायचं, हा निव्वळ रिवाज. एक बटण दाबलं की रंगांची अदलाबदल होते. वाकडी रक्तवाहिनी असली तर तिचा अर्धा भाग लाल आणि अर्धा निळा दिसतो. मग वळणावर रक्त नासलं का? गर्भाच्या नाळेत तर ऑक्सिजनवालं रक्त शिरेतून येतं आणि वापरलेलं धमन्यांतून परत जातं. तिथे हे शुद्ध-अशुद्धचं गणित कसं बसवणार?

मेसेजचा दुसरा मुद्दा किरणांचा: ‘डॉपलरची किरणं घातक.’ एक्स-रे आणि सीटीत असतात तसली किरणं यात नाहीत, हा ध्वनी आहे. अर्धं खरं एवढंच, की साध्या सोनोग्राफीपेक्षा डॉपलरची ऊर्जा जास्त असू शकते, म्हणून गर्भारपणाच्या पहिल्या महिन्यांत तो कारणाशिवाय वापरत नाहीत. मावशी सत्तरीच्या पुढे आहे.

‘वैद्य नाडीवरून सगळं सांगतो.’ नाडी धमनीची असते, आणि मावशीच्या पायात शंका आहे ती रक्ताच्या गाठीची, जी शिरेत होते. शीर तुंबलेली असतानाही पावलाची नाडी ठणठणीत लागू शकते.

‘दोन सेंटरला दोन आकडे येतात, म्हणजे थोतांड.’ आकडे बदलतात हे नाइलाजाने मान्य. ध्वनीचा झोत आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातल्या कोनावर सगळा हिशेब चालतो. काटकोन झाला तर वारंवारितेतला फरक जवळपास शून्य, म्हणजे वाहतं रक्तही थांबल्यासारखं दिसतं. कोन ६० अंश असताना तो मांडण्यात ५ अंशांची चूक झाली तर वेग साधारण १५ टक्क्यांनी चुकतो, ८० अंशांवर तीच चूक ५० टक्क्यांच्या घरात जाते. म्हणून वेग मोजताना कोन ६० च्या आत ठेवायचा असतो. करणाऱ्याचा हात महत्त्वाचा, यात वाद नाही. पण मावशीच्या तपासणीत मुख्य प्रश्न वेगाच्या आकड्याचा नाहीच.

तो प्रश्न मेसेजच्या शेवटच्या ओळीशी येतो, आणि माझं डोकं फिरलं ते तिथे: ‘त्यापेक्षा रोज गरम तेलाने पोटरी जोरात चोळा, रक्त मोकळं होईल.’

एकाच पायाची पोटरी अचानक सुजते, दुखते, तेव्हा आतल्या खोल शिरेत रक्ताची गाठ असण्याची शंका घ्यावी लागते. ती गाठ चोळली आणि तुकडा सुटला, तर तो रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. त्यात माणूस जातो. गाठ शोधायची रीत अगदी सरळ आहे: प्रोबने शीर दाबायची. निरोगी शीर पूर्ण चपटी होते, गाठ असलेली होत नाही. जोडीला डॉपलरने प्रवाह तपासतात. अमेरिकेतल्या ‘सोसायटी ऑफ रेडिओलॉजिस्ट्स इन अल्ट्रासाउंड’ने जमवलेल्या तज्ज्ञांची शिफारस २०१८ साली ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापून आली. तिच्यात जांघेपासून घोट्यापर्यंत दर २ सेंटीमीटरला शीर दाबून बघायला सांगितलंय. एवढी बारकाईने करायची तपासणी सोडून लोक तेलाची वाटी गरम करून राहिले.

घरात कुणाची एकच पोटरी अशी सुजली असेल तर चोळू नका, त्याच दिवशी दाखवा. पायाच्या या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. आणि दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर डॉपलरच्या नंबराची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा.