फैजपूर १९३६ ला ‘दोन दिवसांची जत्रा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या जळगाव, भुसावळ, यावल, रावेरकडच्या बहुतेक ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. १९३६ साली खान्देशात काय घडलं ते सांगतो म्हणे. सार असं, की फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन म्हणजे बाहेरच्या पुढाऱ्यांची दोन दिवसांची जत्रा, आपले लोक नुसते बघायला गेले, शेतकऱ्याच्या पदरात काही पडलं नाही आणि तशी गरजही नव्हती कारण आपल्याकडे जमीनदारच नव्हते, आणि शेवटी, त्या काळी खान्देशात जातपात कुणाच्या मनातही नव्हती, ते सगळं नंतर बाहेरून आलं. शिकलेसवरलेले लोक, त्यात शिक्षक मंडळीसुद्धा, हे पुढे ढकलताय, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

जत्रेपासून सुरू करू. अधिवेशन दोन दिवसांचं होतं हे खरं, २७ आणि २८ डिसेंबर, काँग्रेसचं पन्नासावं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. पण १८८५ पासून काँग्रेस भरायची ती शहरांत, खेड्यापाड्याच्या मुलखात ती पहिल्यांदा आली ती आपल्या फैजपूरला, आणि ते गांधीजींच्या आग्रहामुळे. आता शहरात हॉल असतो, नळ असतो, उतरायला जागा असते, इथे उघड्या रानात अख्खी वसाहत उभी करायची होती, टिळकनगर नाव दिलेलं तिला. पाणी, रस्ते, संडास, हजारो माणसांचं जेवण, सगळं शून्यातून. सजावटीला शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी बांबूसारखं गावात मिळणारं सामान वापरून ते नगर सजवलं. हे काय दोन दिवसांत होतं का?

आणि हे केलं कोणी, तर आपल्याच लोकांनी. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी त्यात पुढे होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज फैजपूरला आहे आणि ज्यात मेसेज फॉरवर्ड करणाऱ्यांतले कितीतरी जण शिकले असतील. साने गुरुजी गावोगाव हिंडून लोकांना तयार करत होते. गुरुजी जन्माने कोकणातले, पालगडचे, पण १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवलं आणि १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले, मग त्यांना बाहेरचं म्हणायचं का? आमच्याकडे तर कोणी म्हणत नाही.

जाता जाता एक सांगतो. नंदुरबारचा शिरीषकुमार मेहता २८ डिसेंबर १९२६ चा, म्हणजे अधिवेशनाच्या दुसऱ्या दिवशी तो दहा वर्षांचा झाला, आणि पुढे ९ सप्टेंबर १९४२ ला तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलल्या त्याने. नुसतं बघायला जाणाऱ्या मुलखात अशी पोरं होत नसतात.

आता शेतकऱ्याचा मुद्दा, यावर मला जास्त बोलायचंय कारण मेसेजमध्ये सगळ्यात मोठी चूक इथे आहे. आपल्याकडे बिहार-उत्तर प्रदेशासारखी जमीनदारी नव्हती, बरोबर, आपली रयतवारी, सातबारा शेतकऱ्याच्या नावावर आणि सारा थेट सरकारला. पण सारा पैशात भरायचा, पीक येवो न येवो, आणि तो पैसा सावकाराकडून यायचा. त्यात १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले आणि खान्देश तर कापसावरच उभा होता. भाव निम्म्यावर आले तरी कर्जाचा आकडा तेवढाच राहतो हो, उलट व्याजाने वाढतो. जमीनदार नव्हता म्हणून प्रश्न नव्हता हे ज्याच्या घरात कधी गहाणखत झालं नाही तोच म्हणू शकतो.

१९३६ च्या एप्रिलमध्ये लखनौला अखिल भारतीय किसान सभा स्थापन झाली, स्वामी सहजानंद सरस्वती अध्यक्ष. तिचं दुसरं अधिवेशन कुठे झालं? फैजपूरलाच, डिसेंबरात, एन. जी. रंगांच्या अध्यक्षतेखाली. त्यासाठी पाचशेच्या वर शेतकरी मनमाडहून पायी निघाले, दोनशे मैलांच्या वर चालले, वाटेतल्या गावांत सभा घेत, बोलत, समजावत. त्यांच्या स्वागताला नेहरू, शंकरराव देव, कॉम्रेड डांगे, युसुफ मेहेरअली, आणि महिनाभरापूर्वीच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय होते. जत्रेला इतकं कोणी चालत जात नाही, आणि चालत आलेल्यांच्या स्वागताला पुढारी उभे राहत नाहीत.

पदरात काय पडलं ते बघा. फैजपूरला शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड कमी करा, न परवडणाऱ्या छोट्या शेतीला माफी द्या, कर्जवसुली थांबवा, वेठ बंद करा, शेतमजुराला जगण्यापुरती मजुरी द्या, शेतकऱ्यांना संघटना करायचा हक्क द्या. जमीनदारी रद्द करा असं मात्र त्यात स्पष्ट लिहिलं नाही, डाव्या लोकांनी तेव्हाही त्यावर नाराजी काढली आणि ती रास्त होती. पण १९३७ ला मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं आणि १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा आणि कुळांचा असे दोन कायदे झाले. कमी पडले म्हणा, उशीर झाला म्हणा, मीही म्हणेन, पण ‘काही नाही’ हे खोटं आहे.

मेसेजच्या खाली त्या वर्षीच्या थोर लोकांची यादी आहे, त्यात एकही बाई नाही. बहिणाबाई चौधरी तेव्हा ५६ वर्षांच्या, जळगावात, शेतात राबत होत्या, ओव्या रचत होत्या, तरुणपणीच विधवा झालेल्या. त्या काळच्या विधवेच्या हक्काचं बघायचं तर १९३७ मध्ये हिंदू स्त्रीच्या मालमत्तेचा कायदा झाला, पण १९४१ मध्ये फेडरल कोर्टाने निकाल दिला की तो शेतजमिनीला लागू नाही. म्हणजे ज्या बाईचं सगळं काही जमिनीत, तिला त्याचा उपयोग नव्हता. हा सामाजिक प्रश्न यादी करणाऱ्याला दिसला नाही.

शेवटचा मुद्दा जातीचा, आणि हा वाचून मला खरंच राग आला. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला जाहीर केलं की हिंदू म्हणून मरणार नाही, आणि येवला तर मनमाडच्या शेजारी, जिथून ते शेतकरी निघाले. मे १९३६ ला मुंबईत याच धर्मांतराच्या प्रश्नावर महार परिषद झाली. त्याच महिन्यात लाहोरला रद्द झालेलं जातिनिर्मूलनावरचं भाषण त्यांनी स्वतः छापून काढलं. ऑगस्टमध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नोव्हेंबरात त्रावणकोरच्या (आजच्या केरळातलं संस्थान) महाराजांना जाहीरनामा काढून देवळं सगळ्या हिंदूंना खुली करावी लागली. ‘नंतर बाहेरून आलं’ म्हणताय, तर नंतर म्हणजे कधी? लगेच १९३७ च्या निवडणुकीत पूर्व खान्देशातून, म्हणजे आजच्या जळगावकडूनच, बाबासाहेबांच्या पक्षाचे दौलत गुलाजी जाधव निवडून आले. ती मतं देणाऱ्यांच्या मनात जात नव्हती, की गावाने ती त्यांना रोज दाखवली होती, पाणवठ्यावर, देवळाच्या पायरीवर?

साने गुरुजींनाही ती दिसत होती, म्हणून तर मे १९४७ मध्ये पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं यासाठी त्यांनी प्राणांतिक उपोषण केलं. फैजपूरनंतर दहा वर्षं उलटली तरी विठ्ठलाच्या दारात ही स्थिती होती. तेव्हा ज्यांनी मेसेज पुढे पाठवलाय त्यांनी निदान त्याच ग्रुपवर हेही टाका, आणि यादीत जाधवांचं आणि बहिणाबाईंचं नाव घाला.