‘बेस १५ने वाढवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही महिन्यांत एक मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपवरून चार-पाच वेळा आला. त्याचा गोषवारा असा: जुन्या गाण्यांत बेस नसतो, कारण तेव्हा तंत्रच नव्हतं. आवाजावर काम करण्याचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी घ्या, गाणं उघडा, बेस (खालचे, भरदार स्वर) १५ डेसिबलने (आवाजाच्या पातळीचं माप) वाढवा, ३२० केबीपीएसला (दर सेकंदाला साठवलेल्या माहितीचं माप) सेव्ह करा. गाणं आजच्या स्टुडिओत रेकॉर्ड केल्यासारखं होतं, मोबाइलवरही दणदणतं, स्पीकरला काही होत नाही. एवढंही नको असेल तर एआयने बेस वेगळा काढा आणि हवा तितका चढवा. शेवटी, फरक स्वतःच ऐका.

मी घरच्या आणि नात्यातल्या लोकांच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घेतो. असे मेसेज वाचून लोक हाताशी असलेल्या एकमेव फाइलवर प्रयोग करतात, तीच फाइल सेव्ह करतात, आणि कॅसेट तोवर रद्दीत गेलेली असते. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जुन्या गाण्यांत बेस नसतो.’ १९२५च्या आधीच्या रेकॉर्डिंगबद्दल हे बरंचसं खरं आहे. तेव्हा भोंग्यासमोर गायचं आणि हवेच्या कंपनानेच सुई हलायची. खालचे स्वर त्यात फारसे पोचायचेच नाहीत. मायक्रोफोन आल्यावर ती अडचण उरली नाही. मुंबईच्या स्टुडिओंमधल्या वाद्यवृंदांत चेलो होते, त्याहून मोठे, आणखी खालच्या स्वरांचे डबल बेस होते. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याचे अरेंजर वाद्यांसाठी स्वरलेखन करून देत आणि वाजवणाऱ्यांतही गोव्याचे कितीतरी कलाकार होते. डबल बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या (सेकंदाला ४१ कंपनं) आसपास बोलते, आजच्या बेस गिटारचीही तेवढ्यावरच. ज्यांनी ताटकळत उभं राहून तो खर्ज, म्हणजे बेस, वाजवला, त्यांच्या वाजवण्याला ‘नव्हताच’ म्हणणं मला फार लागतं.

मग तो ऐकू का येत नाही? एक मोठं कारण तबकडीत आहे. खर्जाचा स्वर खाचेत रुंद नागमोड काढतो. तो आहे तसा कापला तर नागमोड शेजारच्या खाचेत शिरेल आणि एका बाजूवर मिनिटंही कमी मावतील. म्हणून तबकडी कापताना खर्ज मुद्दाम कमी करत आणि वाजवताना ॲम्प्लिफायरमध्ये तेवढाच परत वाढवत. १९५४मध्ये याचं आरआयएए (अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांची संघटना) नावाचं प्रमाण ठरलं; त्यात २० हर्ट्झला परतफेड सुमारे १९ डेसिबलची असते. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्यांसाठी कंपनीगणिक हिशेब निराळा होता. कुणी ही परतफेड न करता, किंवा चुकीच्या हिशेबाने, तबकडी संगणकावर उतरवली, तर तुमच्या हाती येणारं गाणं किरटंच असणार. तिथे दोष गाण्याचा नाही, उतरवण्याचा आहे. अंदाजाने १५ डेसिबल घालण्यापेक्षा त्याच गाण्याची नीट उतरवलेली दुसरी प्रत शोधा. बऱ्याचदा तिथेच काम संपतं.

‘बेस १५ डेसिबलने वाढवा, क्वालिटी जात नाही.’ मेसेजमधली सगळ्यात घातक ओळ हीच. १५ डेसिबल म्हणजे लाटेची उंची साडेपाच पटीहून अधिक. सीडीच्या दर्जाच्या फाइलमध्ये आवाजाला एक पक्कं छप्पर असतं, त्याला शून्य डेसिबल म्हणतात. बाजारात आलेलं गाणं बहुधा त्या छपराला टेकलेलंच असतं. तुम्ही खर्ज साडेपाच पट केलात की लाटांचे शेंडे छपरावर आपटून सपाट कापले जातात आणि आवाज फाटतो. फाटतो तो नुसता बेस नाही. त्या क्षणी गायिकेचा स्वर त्याच लाटेवर बसलेला असतो, तोही कापला जातो.

ऑडॅसिटीच्या आत मात्र ३२ बिट फ्लोटमध्ये, म्हणजे छपराच्या वरचे आकडेही धरून ठेवणाऱ्या पद्धतीत, काम चालतं, त्यामुळे छपरावर गेलेला आवाजही लगेच नष्ट होत नाही. सीडीच्या १६ बिटच्या फाइलमध्ये बाहेर काढताना (एक्सपोर्ट) तो कापला जातो. म्हणजे त्याआधी संपूर्ण गाण्याची पातळी खाली आणली तर नुकसान टळतं. पण मग गाणं आठ-दहा डेसिबलने हळू होतं, आणि एवढं करून ज्याच्यासाठी गाणं लावलं तो गळा मागे पडतो. भरलेल्या ताटात एक पदार्थ वाढवायचा तर दुसऱ्याला सरकावंच लागतं.

शिवाय खाली फक्त खर्जच नसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या यंत्रांची घूंऽऽ ५० आणि १०० हर्ट्झवर बसलेली असते. रेकॉर्ड प्लेयरच्या मोटरची घरघर त्याच्याही खाली. तुमचा १५चा आकडा त्यांनाही लागू होतो.

मी काय करतो ते सांगतो. आधी मूळ फाइलची प्रत. ३० हर्ट्झच्या खालचं सगळं काढून टाकायचं, ५० हर्ट्झवर अगदी अरुंद काप. मग ८० ते १००च्या आसपास फार तर ३ डेसिबल वाढ, आणि २५० ते ४०० हर्ट्झमधून दीड-दोन डेसिबल कमी. हा शेवटचा भाग लोक करत नाहीत, आणि खरा फरक तिथेच पडतो. तो पट्टा गढूळ असतो. तो जरा बाजूला केला की डग्गा आपोआप उठून दिसतो.

‘३२० केबीपीएसला सेव्ह केलं की दर्जा वाढतो.’ नाही. १२८च्या एमपीथ्रीतून जे एकदा गेलं ते गेलं. फाइल फुगते, इतकंच, आणि दुसऱ्यांदा दाबल्यामुळे थोडं आणखी जातं. मधल्या कामासाठी वेव्ह किंवा फ्लॅक (आवाजातलं काहीही न गाळणारे फाइलचे प्रकार) ठेवा.

‘मोबाइलवरही दणदणतं.’ मोबाइलचा स्पीकर साधारण २०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देऊच शकत नाही. तिथे ६० हर्ट्झ वाढवून उपयोग शून्य. तरीही मोबाइलवर डग्गा कळतो, कारण ८० हर्ट्झच्या स्वराबरोबर १६०, २४०, ३२० असे त्याचे उपस्वरही येतात आणि त्यांच्यावरून मेंदू नसलेला मूळ स्वर भरून घेतो. मोबाइलसाठीच करायचं असेल तर हे उपस्वर हलकेच जाड करणारा सॅच्युरेशनचा इफेक्ट खर्जाच्या पट्ट्यावर लावा.

‘स्पीकरला काही होत नाही.’ १५ डेसिबल म्हणजे ताकद सुमारे ३२ पट: जिथे १ वॅट जात होता तिथे ३२. आणि स्वर एक सप्तक खाली गेला की तितकाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट हलावं लागतं. अशीच वाढवलेली फाइल मी एकदा मावशीच्या घरी समारंभात लावली होती. पहिल्या अंतऱ्यालाच एका स्पीकरचा पडदा कडेने फाटला. काकांनी जपलेली जोडी होती ती. ती चूक माझीच, आणि अजून सलते.

‘एआयने बेस वेगळा काढा.’ डीझर या संगीत कंपनीचं स्प्लीटर २०१९मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं, मेटाचं डेमक्स आहे. दोन्ही खरोखर कमाल आहेत आणि मी ती वापरतो. पण ती साधारणपणे गाण्याचे गळा, ड्रम, बेस आणि बाकीचं असे चार भाग करतात. ही वाटणी ड्रमसेट आणि बेस गिटार असलेल्या संगीताची. तबला त्यात कुठे बसणार? मला दिसतं ते असं: डग्ग्याचा ठोका ड्रममध्ये पडतो आणि मनगट सरकवून काढलेली मींड बेसमध्ये. बेस चढवला की एकाच हाताच्या एकाच बोलाचे दोन तुकडे होतात आणि मींड ठोक्यापासून सुटून वेगळीच घुमत राहते. चारही भाग जसेच्या तसे जोडले तर चुका एकमेकींना झाकतात. एकच भाग ५-६ डेसिबलने उचलला की झाकण निघतं, आणि बेसच्या मागे गायिकेच्या आवाजाची भुतं ऐकू येतात. दोन डेसिबलपर्यंत निभावतं.

बेस नव्याने वाजवून घालायचा असेल तर जरूर घाला, ते प्रामाणिक काम आहे. मात्र टेपच्या वेगामुळे जुनं गाणं ठरलेल्या पट्टीच्या मधेच कुठेतरी असतं, तेव्हा आधी आपलं वाद्य गाण्याला लावा. लयही माणसांच्या हातातली असते. संगणकाच्या ठरावीक ठेक्यावर बसवलेला बेस थोड्याच आवर्तनांत समेवरून सरकतो. हाताने वाजवा. आणि पुढे पाठवताना बेस तुम्ही घातलाय हे फाइलच्या नावातच लिहा.

मेसेजचा ‘फरक स्वतःच ऐका’ हा शेवटचा दावा तेवढा तपासून बघण्यासारखा आहे. ऐकताना कान फसतो: आवाज मोठा झाला की खर्ज आपोआप अधिक भरदार वाटतो. बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये हे मोजून दाखवलं आहे. म्हणून बदललेली फाइल आधी मूळ गाण्याइतकीच हळू करा, मग घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, कोणती कुठली ते न सांगता, दोन्ही ऐकवा.