कोसंबी वाचताना हाताशी एक वजनकाटा हवा

मराठीत दामोदर धर्मानंद कोसंबींचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत मार्क्सवादावर जाते. ते पोथीनिष्ठ होते की नव्हते, यावर तासन् तास बोललं जातं. ती चर्चा करणारे करोत. मला कोसंबी आवडतात ते दुसऱ्याच कारणासाठी. इतिहासातला एक अवघड प्रश्न त्यांनी तराजूच्या पारड्यात घालून सोडवायला घेतला, आणि ती रीत इतकी साधी आहे की घरच्या टेबलावर कुणालाही करून बघता येते. नाणी जमवायचा छंद असेल तर कोसंबींइतका चांगला गुरू नाही, आणि कोसंबी समजून घ्यायचे असतील तर नाणी तोलण्याइतकी चांगली वाट नाही, असं माझं ठाम मत आहे.

ओळख थोडक्यात. 1907 साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्म. वडील बौद्ध धर्माचे पंडित धर्मानंद कोसंबी. शिक्षण हार्वर्डला, विषय गणित. पुढे पुण्यात फर्ग्युसनला शिकवलं, मग मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. राहायला पुण्यात, नोकरी मुंबईत, त्यामुळे डेक्कन क्वीनचा रोजचा प्रवास. 1944 साली त्यांनी आनुवंशिकीत जे सूत्र मांडलं ते आजही ‘कोसंबी फंक्शन’ म्हणून वापरात आहे. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांचीच. 1966 साली पुण्यात गेले. साठीही गाठली नाही.

आता नाण्यांकडे.

आपल्याकडची सर्वांत जुनी नाणी म्हणजे आहत नाणी. चांदीचा पत्रा ठोकून पातळ करायचा, त्याचे तुकडे पाडायचे, वजन जास्त भरलं तर कोपरा छाटायचा आणि मग एका बाजूला ठसे मारायचे. कार्षापणावर, म्हणजे चांदीच्या आहत नाण्यावर, असे बहुधा पाच ठसे असतात: सूर्य, सहा आऱ्यांचं चिन्ह, एखादं जनावर, टेकडी वगैरे. राजाचं नाव नाही, साल नाही, एक अक्षरसुद्धा नाही. मग कुठलं नाणं आधीचं आणि कुठलं नंतरचं, हे ठरवायचं कसं? ठशांचे अर्थ लावत बसलं तर प्रत्येक पंडिताचा अर्थ वेगळा निघतो.

कोसंबींनी अर्थ बाजूला ठेवले आणि वजनं घेतली. विचार असा: नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं. एकेका नाण्याची झीज बेभरवशाची असते, एखादं वर्षानुवर्षं हंड्यात पडून राहतं तर एखादं रोज बाजारात जातं. पण एकाच घडणीच्या पुष्कळ नाण्यांची सरासरी घेतली तर ती काळाबरोबर नेमानं खाली येते. त्याच वेळी दुसरी गोष्ट घडते. टाकसाळीतून निघताना सगळी नाणी वजनानं जवळजवळ सारखी असतात, पुढे त्यांच्यातलं अंतर वाढत जातं. सरासरी उतरते, विखुरणं वाढतं. या दोन खुणा हाती असल्या की एका हंड्यातले नाण्यांचे गट जुन्या-नव्याच्या क्रमानं लावता येतात.

तक्षशिलेला भिडच्या टेकाडात 1924 साली सापडलेला हंडा त्यांना फार उपयोगी पडला. त्यात हजाराहून जास्त आहत नाणी होती आणि सोबत अलेक्झांडरची आणि त्याचा सावत्र भाऊ फिलिप याची मोजकी, अगदी कोरी करकरीत नाणी. म्हणजे हंडा केव्हाच्या सुमाराला पुरला गेला ते कळलं: इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाचं शेवटचं पाव. मग त्यांनी आहत नाण्यांच्या पाठी पाहिल्या. पाठीवर बारीक बारीक जास्तीचे ठसे असतात, कुठे एक, कुठे पाच, कुठे त्याहून जास्त. ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे हे सराफांनी वेळोवेळी नाणं पारखून मारलेले ठसे असावेत, असं त्यांनी अनुमान काढलं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात टाकसाळीवरचा लक्षणाध्यक्ष आणि नाणी पारखणारा रूपदर्शक असे अधिकारी येतातच. चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं घालावं, हेही तिथेच आहे.

या सगळ्यात माझी सर्वांत आवडती गोष्ट पुढची आहे. नाणं झिजतं आणि सरासरी अशी वागते, हे त्यांनी नुसतं गृहीत धरलं नाही. आपल्या काळातली बाजारात चालणारी नाणी हजारोंच्या संख्येनं तोलून आधी पडताळलं. त्या नाण्यांवर साल छापलेलं असतं, त्यामुळे उत्तर आधीच माहीत असतं. रीत तिथे खरी उतरली की मगच ती बिनसालाच्या नाण्यांना लावायची. हे वाचून ज्याला आपल्या खिशातली चिल्लर टेबलावर ओतावीशी वाटत नाही, त्याला कोसंबी अजून भेटले नाहीत असं मी म्हणेन.

तर चिल्लर ओता. मात्र आधी तयारी.

काटा 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. 200 ग्रॅम क्षमतेचा खिशात मावणारा काटा ऑनलाइन हजार रुपयांच्या आत मिळतो. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा कामाचा नाही. सोबत 100 ग्रॅमचं प्रमाण वजन घ्याच. काटा सपाट, न हलणाऱ्या जागी ठेवायचा, पंखा बंद, सुरू करून पाचेक मिनिटं थांबायचं. दर पंचवीस नाण्यांनंतर प्रमाण वजन पुन्हा ठेवून बघायचं. 100.00 च्या जागी 99.97 दिसू लागलं तर काटा सरकलाय, मधली वजनं पुन्हा घ्यायची. लोक हीच पायरी टाळतात आणि मग काट्याची चूक नाण्याच्या नावावर लागते.

आता कुठली नाणी घ्यायची? इथे घोटाळा ठरलेला. एक रुपयाची नाणी सरसकट तोलली तर निदान दोन ढीग पडतात: 4.85 ग्रॅम आणि 3.79 ग्रॅम. ही झीज नव्हे. 2011 च्या मालिकेत नाणंच लहान केलं. दोन रुपयांचं तर आणखी गमतीचं: अकरा कोनांचं जुनं तांबं-निकेलचं 6 ग्रॅम, 2007 चं हाताच्या मुद्रेचं पोलादी 5.62 ग्रॅम आणि 2011 चं 4.85 ग्रॅम. म्हणजे 2011 चे दोन रुपये आणि त्याआधीचा एक रुपया यांचं वजनही एक आणि 25 मिलिमीटर व्यासही एक. गल्ल्यावर लोक फसायचे ते उगाच नाही. म्हणून नियम असा: एक मूल्य, एक घडण, एक धातू. त्यानंतर साल, आणि त्यानंतर टाकसाळ. सालाखाली चौकट, म्हणजे हिरा, असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

पोलादी नाण्यांवर हा प्रयोग करू नका, निराशा होईल. स्टेनलेस स्टील इतकं कमी झिजतं की 0.01 च्या काट्यावर फरक दिसता दिसत नाही. तांबं-निकेलची नाणी घ्या: अकरा कोनांचे दोन रुपये किंवा 9 ग्रॅमचे जाडजूड पाच रुपये. ओळखायला लोहचुंबक पुरतो. पोलादी नाणं चिकटतं, तांबं-निकेलचं चिकटत नाही.

नाणी मिळवताना निवड करायची नाही. किराणा दुकानदाराच्या बरणीतली मिळतील ती सगळी घ्यायची. चांगली दिसतात म्हणून चकचकीत उचलली की सरासरी वर जाते आणि सगळं मुसळ केरात. वगळायची ती फक्त वाकलेली, भोक पडलेली आणि नदीत टाकून परत आलेली, गंजून खड्डे पडलेली. देवळाच्या पेटीतल्या नाण्यांवर तेल-कुंकवाचा थर असतो, तो वजनात येतो. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून धुवा, फडक्यानं टिपा, रात्रभर वाळू द्या. घासायचं मात्र नाही.

एकेक नाणं वेगळं तोलायचं. दहा एकदम ठेवून दहानं भागलं तर सरासरी झटपट मिळते, पण विखुरणं हातचं जातं, आणि अर्धी गोष्ट तर विखुरण्यातच आहे. एका सालाची निदान तीस-पस्तीस नाणी हवीत. गूगल शीट्समध्ये एका रकान्यात वजनं भरली की सरासरी आणि प्रमाण विचलन (विखुरण्याचं माप) ही दोन सूत्रं पुरतात. समजा, 36 नाण्यांचं प्रमाण विचलन 0.06 ग्रॅम आलं. 36 चं वर्गमूळ 6, त्यानं भागलं की 0.01. तुमच्या सरासरीचा भरवसा साधारण एवढा. आता 1994 आणि 2002 या दोन सालांच्या सरासरीत 0.03 चा फरक निघाला, तर तो खरा मानायला बऱ्यापैकी जागा आहे. फरक 0.01 चाच असेल तर आणखी नाणी आणा. पाचच नाण्यांवर निष्कर्ष काढायचा मोह आवरणं हेच या छंदातलं सर्वांत अवघड काम.

घरात राणीछाप रुपये असतील तर तेही तोलून बघा. पूर्ण वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम, बरोबर एक तोळा. म्हणूनच सराफ रुपयाचाच वजन म्हणून वापर करत. झिजून दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटलेला रुपया कायद्यानं चलनातून बाद व्हायचा, म्हणजे सीमा सुमारे 11.43 ग्रॅमची. आपल्या घरच्या रुपयांच्या बाबतीत एक अडचण मात्र मोठी आहे. दर लक्ष्मीपूजनाला ते चिंचेनं किंवा रांगोळीनं लख्ख घासलेले असतात. चिंचेचं आम्ल पृष्ठभाग खातं, रांगोळी खरवडते, आणि बाजारात फिरून झालेली झीज कुठली आणि घासून झालेली कुठली, हे मग सांगता येत नाही. राणीच्या गालावरचा उंचवटा सपाट झालाय, पण कडेच्या बारीक रेघा शाबूत आहेत, असं दिसलं तर तो बहुतेक घासण्याचा परिणाम. कडेला डाग दिला असेल, म्हणजे कधी दागिन्यात ओवलं असेल, तर ते नाणं बाजूला ठेवा. कृपया यंदा तरी घासू नका. पूजेला काळसर रुपयाही चालतो.

शिवराईवर, म्हणजे त्या जुन्या तांब्याच्या नाण्यावर, ही रीत चालेल का? मनात येतं खरं, आणि शिवराया जुन्या बाजारात ढिगानं दिसतातही. पण तांबं मातीत क्षार धरतं आणि वजन कधी वाढतं, कधी घटतं. शिवाय त्या घडल्या अनेक ठिकाणी आणि दीर्घ काळ, त्यामुळे मूळ वजनच एक नाही. त्यात नकली माल भरपूर. कोसंबींची रीत एका हंड्यातल्या, एकाच चलनात एकत्र फिरलेल्या नाण्यांसाठी आहे. चार दुकानांतून गोळा केलेल्या शिवरायांची सरासरी काढून काहीच हाती लागत नाही. आणि शेतात किंवा घराच्या पायात नाणी सापडली तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. ती पुसू नका, वाटून घेऊ नका, ज्या भांड्यात आहेत त्यातच राहू द्या. हंडा फुटून नाणी पांगली की त्याचा इतिहास गेला.

शेवटी गुंजा. लाल, काळ्या ठिपक्याच्या. आपल्या सराफी कोष्टकात 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे 96 गुंजांचे 11.66 ग्रॅम. एक गुंज साधारण 0.12 ग्रॅम. पण कार्षापण 32 रत्तींचा, आणि रत्ती म्हणजे गुंजच. या हिशेबानं तो 3.9 ग्रॅम भरायला हवा, प्रत्यक्षात तो 3.4 च्या आसपास भरतो. म्हणजे ती जुनी रत्ती आपल्या कोष्टकातल्या गुंजेपेक्षा हलकी होती. झाडावरची गुंज कुणाच्या बाजूनं आहे ते बघायचं असेल तर वाळलेल्या शंभर गुंजा वाटीत एकदम घाला (वाटी ठेवून काटा आधी शून्यावर आणा), एकूण वजनाला शंभरानं भागा. नंतर त्यातल्या वीस एकेक करून तोला आणि त्यांच्यातलं अंतर बघा. बी फार विषारी आहे, फुटलेलं हाताळू नका आणि लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. आकडे निघाले की खाली लिहा. गुंजा कुठल्या गावच्या, कुठल्या महिन्यात वेचलेल्या आणि वाळवल्या किती दिवस, हेही सोबत लिहा.