हातोहात फिरणारा पेपर वेगळा, पीडीएफ वेगळी

'फुकट पीडीएफ वाचणारा तसाही पेपर विकत घेणार नव्हता, मग नुकसान कसलं?' हे पेपरची पीडीएफ फॉरवर्ड करण्याबद्दलच्या लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. नाशिकच्या पंचवटीत मी बरीच वर्षं पेपरची लाइन टाकतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये सोसायट्यांनी आम्हाला गेटवरच अडवलं आणि पहाटे पाचलाच व्हॉट्सॲपवर अख्खा अंक यायला लागला. पुढे गेट उघडलं, पण बरीच घरं परत आली नाहीत. ती सगळी विकत घेणारीच होती हो!

लेखकाने सलूनमधल्या पेपरचं उदाहरण दिलंय. तो एक अंक दिवसभरात वीस जण वाचतात, खरं आहे. पण तो विकत घेतलेला असतो. अंकाची किंमत कागद-छपाईलाही पुरत नाही. बाकीचं जाहिरातींतून निघतं, आणि जाहिरातीचा दर खपावर ठरतो. फॉरवर्ड झालेली पीडीएफ खपात धरत नाहीत. वर काही जण जाहिरातींची पानं काढूनच पुढे पाठवतात.

२०२०च्याच मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 'दैनिक जागरण'चा ई-पेपर वाटणारी टेलिग्राम चॅनेल काढायला सांगितली होती. एक बंद झालं की दुसरं उघडतं.

वाटून वाचायला माझा विरोध नाही. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासून लोकांना पुस्तकं वाचायला देतंय. जास्त काळजी वाटते ती दिवाळी अंकांची. लक्ष्मीपूजनाच्या आतच पीडीएफ फिरायला लागते, आणि तूट भरून काढायला त्यांच्याकडे पुढच्या महिन्याचा अंक नसतो.