प्रायश्चित्तकाळ सुखरूप कसा पार पाडावा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या दिवशी, वसईतल्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा लवकर निघा. पण बाक घाईने पकडू नका. भाऊ कुठे बसलाय ते आधी बघा. मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एकमेकांना हात देऊन शांती द्यायची वेळ येते तेव्हा हात शेजारी, फार तर मागे-पुढे पोचतो. मध्ये पाच बाकं असली की शांतीही दिली जाते आणि कोर्टातली केसही शाबूत राहते.

उपवासाला घाबरू नका. सक्तीचे दिवस दोनच, हा बुधवार आणि गुड फ्रायडे. तेव्हाही एकदा पोटभर जेवता येतं. वयाची ५९ पूर्ण केली असतील तर तेही माफ. शुक्रवारी मटण वर्ज्य, मासळी चालते. म्हणून येशूच्या दुःखसहनाचं स्मरण ठेवून मटणाचा त्याग करावा आणि बाजारातून दोन मोठी पापलेटं आणावीत. त्याग महागात पडतोच.

आता मत्तयचं शुभवर्तमान, अध्याय ५, वचनं २३-२४. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं तिथे आहे. कायद्याच्या नजरेनं वाचा: ‘आठवलं तर’. मग आठवायचंच कशाला? शिवाय येशूच्या गालीलात सातबारा नव्हता. वाडीचा बांध रातोरात दीड फूट कसा सरकतो हे मत्तयला काय ठाऊक, जकातदार असला तरी! आणि बांध आपण सरकवलेलाच नाही, तो पावसानं सरकला. पापनिवेदनात हे काढू नका, मागे रांग असते. ‘मुलांवर चिडलो’ एवढं पुरे.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. त्या बारा जणांत तुमचा नंबर लागला, तर घरूनच साबणानं घासून, नखं कापून जा. फादरांना खरोखरचे मळके पाय धुवायला लावू नयेत. २०१३ साली पोप फ्रान्सिस रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन बारा जणांचे पाय धुऊन आले, त्यांत एक मुस्लिम मुलगीही होती. पण ते पोप पडले. आपल्या वाडीत केळीला पाणी सोडणाऱ्या वारली बाईनं आपले पाय मागच्या नळावर आपणच धुवावेत. चहा तिच्या वेगळ्या पेल्यात, तो पेला खिडकीत. जात-पात आपल्यात नाहीच, फक्त पेले आहेत.

खरा धोका ईस्टरच्या आदल्या रात्री. सगळे दिवे मालवतात, पास्काची मोठी मेणबत्ती आत येते आणि तिची ज्योत मेणबत्तीवरून मेणबत्तीवर मागे सरकत जाते. अंधारात बाकाचं गणित चुकतं. पुढचा माणूस पेटती मेणबत्ती घेऊन वळतो आणि उजेडात दिसतं, भाऊच. तोही थबकतो. वारा नसतो, त्यामुळे ज्योत विझायचीही आशा नाही.

म्हणून त्या रात्री खिशात लायटर ठेवा.