'एक ना धड'वाल्या फॉरवर्डला उत्तर

गेले पंधरा दिवस आमच्या ह्यूस्टनच्या मराठी पालकांच्या तीन ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मथळा, 'मुलांचं नुकसान करू नका!' आत लिहिलंय: अमेरिकेतली स्पॅनिश बोलणारी घरं बघा. पोरांच्या कानावर दोन भाषा पडतात, ती उशिरा बोलतात, वाक्याची खिचडी करतात, शाळेत मागे पडतात. एक ना धड, भाराभर चिंध्या. म्हणून घरी फक्त इंग्रजी बोला, दुसरी भाषा काय, मोठेपणी क्लास लावूनही येते. शेवटी हात जोडल्याचे तीन इमोजी.

घाबरवायचंय आपल्याला, पण साक्षीला उभी केलीत मेक्सिकन, क्यूबन, प्वेर्तो रिकन मुलं. तेव्हा आधी त्यांच्याबद्दलच बोलू.

उशिरा बोलण्याचा मुद्दा बराचसा मोजमापाचा आहे. समजा, पावणेदोन वर्षांच्या मुलीला इंग्रजीतले 30 शब्द येतात आणि स्पॅनिशमधले 35. बूट दिसला की ती 'सापातो' म्हणते, कारण बूट घालते आजी. डॉक्टर विचारतात, 'शू' म्हणते का? नाही. झालं, खूण शून्य. मायामीत बार्बरा पिअरसन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अशा मुलांचे दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले, तेव्हा ती एकभाषी मुलांच्या तोडीस तोड निघाली. एरिका हॉफ यांच्या फ्लोरिडातल्याच 2012च्या अभ्यासातही एकूण शब्दसंख्या बरोबरीची आली. मात्र एकेक भाषा सुटी घेतली तर मुलं थोडी मागे होती. हे लपवायचं कारण नाही. दिवसाचे तास तेवढेच, ते दोन भाषांत वाटले जाणार. पण वाटणी म्हणजे गोंधळ नव्हे.

दोन वर्षांचं मूल कुठल्याच भाषेत दोन शब्द जोडत नसेल, तर जरूर तपासून घ्या. खरा दोष असला तर तो दोन्ही भाषांत दिसतो. त्यावर एक भाषा काढून घेणं हा मात्र उपाय नाही. माझ्या शेजारणीला एका दवाखान्यात नेमकं हेच सांगितलं होतं: स्पॅनिश बंद करा. दिवसभर मुलीपाशी असते तिची आजी, आणि आजीला इंग्रजी येत नाही. पोर बोलत नाही म्हणून तक्रार, आणि इलाज काय, तर तिच्याशी सगळ्यात जास्त बोलणाऱ्या माणसाने तोंड मिटून बसायचं! सुदैवाने आजीने ऐकलं नाही.

आता खिचडी. ती मुलगी आज चार वर्षांची आहे. परवा त्यांच्या ओट्यावर बसले होते. ती आजीला म्हणाली, "आबुएला, से रोंपिओ माय क्रेयॉन." लगेच माझ्याकडे वळून, "माय क्रेयॉन ब्रोक." मला स्पॅनिश नीट येत नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे. कुणाशी काय बोलायचं हे ज्या पोरीला एवढं कळतं, ती गोंधळलेली कशी?

खिचडीलाही व्याकरण असतं. न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या प्वेर्तो रिकन लोकांचं बोलणं तपासून शाना पॉपलॅक यांनी 1980 मध्ये दाखवलं, की वाक्याच्या मध्यावर भाषा बदलणारे बहुतेक लोक दोन्ही भाषांत तरबेज असतात. कच्चे लोक एखादा सुटा शब्द, एखादं 'यू नो' टाकून थांबतात. शिवाय सांधा बदलतो तो दोन्ही व्याकरणं जुळतात तिथेच. स्पॅनिशमध्ये विशेषण सहसा नामामागून येतं, 'कासा ब्लांका', शब्दशः 'घर पांढरं'. इंग्रजीत उलट. म्हणून त्या दोन शब्दांच्या मध्ये गाडी सहसा रूळ बदलत नाही. आणि हे वाचणाऱ्यांनी आज सकाळी घरात 'चार्जर प्लग इन कर' किंवा 'मी ती मीटिंग मिस केली' म्हटलं नसेल तर हात वर करा.

शाळेत मागे पडण्याचा समज शंभर वर्षांचा तरी आहे. स्थलांतरितांच्या गरीब वस्त्यांतल्या मुलांना इंग्रजीत चाचण्या द्यायच्या, गुण कमी आले की दोष घरच्या भाषेला. चोर सोडून संन्याशाला फाशी. माँट्रियलमध्ये 1962 साली पील आणि लॅम्बर्ट यांनी सारख्या आर्थिक थरातली फ्रेंच-इंग्रजी मुलं आणि एकभाषी मुलं शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा द्विभाषी मुलं उलट सरस ठरली. (तरी 'दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो' हे उलट टोकाचं फॉरवर्डही मला पटत नाही. त्यावर संशोधकांत अजून भांडणं आहेत. आजीशी बोलता यावं एवढं कारण पुरे.)

या समजापायी काय काय झालं! पश्चिम टेक्ससमधल्या मार्फा गावात, मेक्सिकन मुलांच्या ब्लॅकवेल शाळेत, 1954 मध्ये मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले आणि त्या पुरल्या. 'मिस्टर स्पॅनिश'ची चक्क अंत्ययात्रा. 1995 मध्ये टेक्ससमधल्याच अमरिलो शहराच्या एका न्यायाधीशाने पाच वर्षांच्या मुलीच्या आईला सुनावलं, की तू हिच्याशी फक्त स्पॅनिश बोलतेस हा हिचा छळ आहे, हिला मोलकरीण करून ठेवशील. ओरड झाल्यावर त्याने माफी मागितली, ती मोलकरणींची.

राहिला शेवटचा सल्ला, 'नंतर शिकतील'. मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. अमेरिकेत इंग्रजीला कुणाच्या राखणीची गरज नाही, ती शाळेतून, पडद्यावरून, अंगणातून येतेच. आटते ती घरची भाषा. प्यू या सर्वेक्षणं करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या 2023च्या अहवालानुसार तिसऱ्या किंवा पुढच्या पिढीतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) प्रौढांपैकी जेमतेम एक तृतीयांशांना स्पॅनिशमध्ये नीट गप्पा मारता येतात. स्पॅनिश न येणाऱ्या किंवा थोडीच येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना आपल्याच लोकांनी त्यावरून टोचून बोललंय. त्यांना नावच पडलंय, 'नो साबो'वाली पोरं. 'मला माहीत नाही' याला स्पॅनिशमध्ये 'नो से' म्हणतात, ती म्हणतात 'नो साबो'.

गंमत म्हणजे 'साबो' ही लहान मुलाची हुशारी आहे. नियम कळला, अपवाद अजून कळायचाय. मेक्सिकोत नुसती स्पॅनिश ऐकणारी मुलंही तसं म्हणतात, जशी आपली पोरं 'केलं'ऐवजी 'करलं' म्हणतात. आपण हसतो आणि पुढे बोलत राहतो, मग 'करलं' आपोआप गळतं. समोर बोलणारं कुणी उरलं नाही, की ते तसंच राहून जातं.

शेजारची पोरगी गेल्या दिवाळीपर्यंत 'नो साबो'च म्हणायची. आजीने एकदाही टोकलं नाही. परवा ओट्यावर मी विचारलं, तुटलेल्या क्रेयॉनचा दुसरा तुकडा कुठाय? खांदे उडवून, आजीकडे बघत म्हणाली, "नो से."