रिकॉलचं पत्र वॉर्डपर्यंत का येत नाही?

आज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या लॉबीत एईडी बसवलं. हृदय अचानक बंद पडलं तर शॉक देणारं मशीन. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो झाले. चांगलंच केलं, मनापासून सांगते. मी सेक्रेटरींना फक्त एवढंच विचारलं, "हे कंपनीकडे कुणाच्या नावावर रजिस्टर केलंय?" तर म्हणाले, "ताई, नवंकोरं आहे, वॉरंटी आहे, आत्तापासून कशाला ते?" बाजूचे दोघं-तिघं हसले. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

वॉरंटीचा इथे काय संबंध? मशीनमधला दोष कंपनीला कधीकधी काही वर्षांनी कळतो, आणि मग ती ज्यांचं नाव-पत्ता तिच्याकडे आहे त्यांना कळवते. असा सदोष माल परत मागवणं किंवा दुरुस्त करून देणं म्हणजेच रिकॉल. फिलिप्सच्या 2005 ते 2012 दरम्यान बनलेल्या हार्टस्टार्ट एईडींत रेझिस्टर नावाचा सर्किटमधला एक छोटा भाग निकामी होऊन ऐनवेळी शॉकच बसणार नाही, असं निघालं होतं. मशीनं तोवर भिंतींवर लागलेली. 2005 ते 2014 या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) एईडी बिघाडाच्या सुमारे 72,000 नोंदी आल्या, तेव्हा कुठे 2015 मध्ये त्यांनी मंजुरीचे नियम कडक केले. आणि इथे मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. सीपीआर (छाती दाबून आणि श्वास देऊन रक्त फिरतं ठेवणं) आणि शॉक नसेल तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी घटते.

मी नर्स आहे; मला हे इतकं का झोंबतं, ते माझ्यासोबत ड्युटी केलेल्यांना माहीत आहे. आधीच्या एका हॉस्पिटलात रात्रपाळीला एक आजोबा अचानक गेले, म्हणजे श्वासच थांबला. मी अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देणारी पिशवी लावली, दाबतेय, पण छाती वर येईना. मास्क नीट बसलाय, मान बरोबर आहे, ऑक्सिजन चालू आहे. बॅगेचा व्हॉल्व्ह चिकटला होता. वॉर्डबॉय मामा कॅज्युअल्टीतून दुसरी बॅग घेऊन धावत येईपर्यंत पॉकेट मास्कने श्वास दिला. आजोबा वाचले. त्यांची सून सकाळी माझे हात धरून रडत होती आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

नंतर बायोमेडिकलच्या, म्हणजे हॉस्पिटलातली उपकरणं सांभाळणाऱ्या विभागाच्या मुलाने खोक्यात उरलेल्या पाकिटांवरचा लॉट नंबर, म्हणजे एकत्र बनलेल्या मालाचा क्रमांक तपासला. तो लॉट कंपनीने आधीच परत मागवला होता! पत्र डीलरकडे आलं होतं, डीलरकडून हॉस्पिटलच्या परचेस (खरेदी) विभागाला, आणि तिथेच एका फाइलला लागलं होतं. बॅग मात्र आमच्या क्रॅश कार्टवर, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या ढकलगाडीवर.

व्हॉल्व्ह धुऊन परत जोडताना आमच्याही लोकांकडून चुका होतात, हे मान्य. पण ही बॅग पाकिटातून पहिल्यांदाच निघाली होती. आणि पाकीट फाडून कचऱ्यात गेलं की त्यावरचा लॉट नंबरही गेला. मग वॉर्डातल्या सिस्टरने ओळखायचं कशावरून?

गाडीच्या ब्रेकमध्ये खोट निघाली तर शोरूमवाले फोन करून करून पिच्छा पुरवतात. आजोबांच्या तोंडावर लावायच्या बॅगेसाठी एक फोन नाही?

आपल्याकडे कायदा नाही असं कुणी सांगू नये. वैद्यकीय उपकरणांचे 2017 चे नियम आहेत, त्यात रिकॉलची तरतूद आहे. उपकरणामुळे झालेला अपाय कळवायला मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम 2015 पासून आहे, गाझियाबादहून चालतो. किती वॉर्डांत तो फॉर्म ठेवलेला असतो? मी तरी पाहिला नाही. आणि डेप्यू कंपनीच्या एएसआर या खुब्याच्या कृत्रिम सांध्याचं आठवतंय ना? जगभरातून ऑगस्ट 2010 मध्ये मागे घेतला आणि आपल्याकडे केंद्राने चौकशी समिती नेमली 2017 मध्ये. सात वर्षं लोक तो सांधा अंगात घेऊन फिरत होते. आपल्या माणसांच्या जिवाची एवढीच किंमत?

थोडं शांत होऊन लिहिते. परचेसच्या त्या क्लार्कवर माझा राग नाही. त्याच्या टेबलावर बिलं, टेंडरं आणि इंग्रजीतली दहा पानी पत्रं असा ढीग असतो. क्लास वन रिकॉल म्हणजे जिवावर बेतू शकतं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. दोष स्वतःहून कळवणाऱ्या कंपनीलाही मी शिव्या देणार नाही, लपवणाऱ्यांपेक्षा ती बरी. आणि कृपा करून कुणी "मग मशीनच नको" असा अर्थ काढू नका. समोर माणूस पडला असेल तर जे मशीन हाताशी आहे ते लावा. रिकॉलमध्ये दर वेळी मशीन उचलूनही नेत नाहीत. कधी सॉफ्टवेअर बदलतात, कधी एखादा भाग.

पण ते पत्र वॉर्डात आलंच पाहिजे. मराठीत, चार ओळींत, लॉट नंबरसकट, क्रॅश कार्टवर चिकटवलेलं. मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या मेडिकल बाजारातून माल घेणाऱ्या छोट्या नर्सिंग होमपर्यंतही. डीलरने पोच घ्यावी, आणि ती इन्चार्ज सिस्टरची सही असावी, स्टोअरचा शिक्का नव्हे. यात पैसे किती लागतात?

सोसायटीच्या मशीनचा सीरियल नंबर मी मघाशी खाली जाऊन लिहून आणलाय. उद्या कंपनीत नोंदवते. पॅडची एक्स्पायरी आणि बॅटरीची तारीखही फळ्यावर लावणार, कुणी हसलं तरी.

माझ्या यादीत सिस्टर आहेत, आरएमओ (हॉस्पिटलात ड्युटीवर असणारे डॉक्टर) आहेत, बायोमेडिकलवाले आहेत. तुमच्याकडे रिकॉलचं पत्र कुणाच्या हातात पडतं आणि तिथून पुढे कुठे जातं, ते खाली लिहा. हॉस्पिटलचं नाव नको. "मेल येतो" एवढंच लिहू नका, तो मेल उघडतं कोण, तेही लिहा.